किंजळीतला खिळा

लवूनं नानांच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि आपल्या पाठीमागे भुशात टाकला.

"त्याला बडवून काय व्हणार नाना," तो म्हणाला. "त्याचा काय दोष नाय."

"मग कुणाचा दोष? माझा?"

ऐनाच्या ओंडक्यात गोल करवत हातभर शिरून रुतून बसली होती. इंजिनानं दोनचार उचक्या दिल्या होत्या, काळा धूर सोडला होता आणि मान टाकली होती. ओंडक्याच्या पलीकडे उभा असलेला शिवा खाली बसला नि त्यानं चंची सोडली. असं झालं की पान जमवून, खाऊन, थुंकून होईपर्यंत निवांत सवड मिळते, हे त्याला एव्हाना ठाऊक झालं होतं.

भाट्याच्या खाडीकाठची ही लाकडाची वखार नानांची, म्हणजे चिंतामणी बापटांची. घरच्या आमराया, पोस्टात चिकटलेला धाकटा भाऊ, सगळं बेस चाललेलं असताना नानांच्या डोक्यात इंजिन शिरलं. मुंबईहून बोटीनं ते आलं तेव्हा उतरवून घ्यायला निम्मं गाव बंदरावर लोटलं. नानांनी त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. आंब्याच्या पेट्यांची मऊ फळी ते काकडी चिरावी तशी चिरी. पण बंदरावर नवं गोदाम बांधायचं निघालं, त्याच्या तुळयांचं आणि फळ्यांचं काम नानांनी हौसेनं अंगावर घेतलं, आणि ऐन नि किंजळीचं कठीण लाकूड पुढ्यात आल्यावर विलायती इंजिनाची पुरती जिरली.

"पावसाच्या आधी माल गेला नाही, तर हे धूड मी पावस गावच्या आप्पाला देऊन टाकणार," नाना म्हणाले. "त्याला भात कांडायला हवंच आहे. आणि आपले हातकरवतीवाले पुन्हा बसवणार. शिवा काय, आहेच."

शिवानं मान डोलावली. त्याची हयात हातकरवतीवरच गेली होती. खड्ड्यात खाली उभा राहून डोळ्यांत भुसा घेणारा गडी तो, त्याला इंजिन आलं काय नि गेलं काय.

"आणि मी?" असं लवूनं विचारलं नाही. इंजिन गेलं की इंजिनवाल्याला कोण ठेवून घेतो?

मुंबईला एका गिरणीच्या इंजिनघरात लवूनं उमेदीची वर्षं काढली होती. संपानंतर गिरणीनं पुष्कळांना परत घेतलं, लवूला घेतलं नाही. तो ट्रंक नि गिरणीतला जाड कोट घेऊन कातळवाडीला घरी आला, आणि नानांना इंजिन चालवणारा हवा आहे असं कळल्यावर वखारीत येऊन उभा राहिला. नोकरी गेली म्हणून लोक हळहळले, पण लवूला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. पुन्हा मुंबईला जायचं नाही, चिमाला एकटं टाकायचं नाही, एवढंच त्याला आता हवं होतं. याहून जास्त त्यानं कुणाकडे, देवाकडेसुद्धा, काही मागितलं नव्हतं.

"माला थोडी सवड द्या," तो म्हणाला. "मी ह्याला वळणावर आणतो."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि उपरणं झटकून ते घरी जेवायला गेले. नानांचा होकार असाच असे.

दुसऱ्या दिवसापासून लवू इंजिनाच्या मागे लागला. आधी त्यानं त्याचं डोकं उतरवून आतली काजळी खरवडली. डोक्याखालची जाड पॅकिंग काढून पातळ पत्र्याची बसवली, म्हणजे आतला दाब वाढला. धुराची नळी उगाच दोन ठिकाणी वाकवलेली होती, ती सरळ छपराबाहेर नेली. वेग आवरणाऱ्या गोळ्यांची स्प्रिंग ढिली पडली होती, तिच्या जागी ताठ स्प्रिंग घातली. त्यामुळे ओझं पडायला लागलं की इंजिन दबायच्या आतच जास्त तेल ओढून घेऊ लागलं. असा जोर हाताशी आल्यावर त्यानं करवतीवरच्या पुलीला हात घातला. बंदरावरच्या सुताराकडून खैराच्या लाकडाची लहान पुली कातून आणली. पुली लहान झाली तशी करवत पहिल्यापेक्षा कितीतरी भरारा फिरू लागली. शेवटी कानशीनं एकेक दात घासून त्यानं कठीण लाकडाला साजेल असा केला. नाना रोज येऊन बघत. त्यांना काही कळत नसे, म्हणून ते जास्त प्रश्न विचारत.

मग एका सकाळी स्टोव्हसारखा फुरफुरणारा दिवा लावून लवूनं इंजिनाचं डोकं तापवलं, चाकाला झोका दिला, आणि तोच रुसलेला ऐनाचा ओंडका पुन्हा करवतीसमोर धरला. करवत आत गेली आणि पलीकडून बाहेर आली. मध्ये फांदीची भली थोरली गाठ होती. पूर्वी गाठ आली की इंजिन कण्हायला लागे, आणि ओंडका मागे ओढून घ्यायची ती खूण असे. आज आवाजात काडीचा फरक पडला नाही.

शिवा फळीवरून हात फिरवत राहिला.

"ह्याला आता गाठ बी कळत नाय," तो म्हणाला.

नानांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. लवूनं पहिल्यांदाच कोटाची बटणं सोडून, पाय पसरून, खाडीकडे बघत चहा घेतला. होड्या ये-जा करत होत्या. आपलं आता इथं जमलं, असं त्याच्या मनात आलं, आणि असं मनात आणू नये असंही लगेच आलं.

संध्याकाळी घरी जाऊन त्यानं दाराजवळच्या खांबावरल्या खिळ्याला कोट अडकवला. मुंबईहून आला तेव्हाच त्याला तो जाडा खिळा तिथं दिसला होता. कोट अडकवायला चिमानं आपल्यासाठी ठोकून ठेवला असेल असं वाटून तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. चिमाला त्यानं तसं काही विचारलं नव्हतं. दोघांत बोलणं बेताचंच असे. भांडण नव्हतं, रागही नव्हता. इतक्या वर्षांच्या दुराव्यानंतर कुठून सुरुवात करायची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांना एक मुलगा झाला होता, बाबू. तो चालायला लागला, अंगणभर दुडदुडायला लागला, आणि गोवरात गेला. लवू तेव्हा मुंबईत होता, दुसऱ्याच्या चाकांना तेल घालत होता. बातमी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. नंतर चिमाचं बिनसलं. ती भर दुपारी उठून उतारावर जाई आणि पोराला हाका मारी, मग तिथंच दातखिळी बसून पडे. लवूच्या आईनं गावातल्या, भुतंखेतं बांधणाऱ्या घाड्याला आणलं. घाड्यानं तांदूळ टाकले नि सांगितलं, पोर गेलेलं नाही, आईला धरून बसलं आहे, त्याला बांधायला हवं. उताराखाली दुबेळक्याची, वर दोन फांद्या फुटलेली, एक किंजळ होती. तिच्या बुंध्यात, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, गलबताचा लांब चौकोनी खिळा ठोकून घाड्यानं बाबूला तिथं बांधला. चिमाला त्या वेळी समोर उभी केली होती. त्या दिवसापासून तिच्या हाका थांबल्या आणि दातखिळीही थांबली. घाड्याचा गावात मोठा बोलबाला झाला.

लवू पुढच्या शिमग्याला आला तेव्हा आईनं त्याला ते झाड लांबून दाखवलं. तो मुद्दाम जवळ गेला. खिळ्याचं डोकं सालीत निम्मं बुडालं होतं. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, गिरणीत तो असल्यांची टवाळी करी. पण तिथं त्याला हसू आलं नाही. त्यानं खिळ्याच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. आपलं पोर इथं आहे असं आपली बायको समजते, आणि ते खरं असो नसो, आपल्या पोराची दुसरी कुठलीच जागा आपल्याला ठाऊक नाही, एवढंच त्याला वाटलं.

आता वखारीतलं काम जोरात चाललं. ऐन संपला. गोदामाच्या ओवरसियरला सगळ्यांत लांब फळ्या किंजळीच्या हव्या होत्या, आणि नानांचा मुकादम कुठल्याशा उतारावरची किंजळ तोडून आणायला माणसं घेऊन गेला होता. एका दुपारी बैलगाड्या आल्या. घाटावरचे तोडणारे ओंडके खाली ढकलत होते आणि शिवा पहार लावून ते सरळ करत होता. सर्वांत लांब ओंडका खाली आला तेव्हा लवू जवळ गेला. वरच्या टोकाला दोन फांद्या फुटल्याची जागा होती. बुंध्याकडून छातीइतक्या अंतरावर साल दुमडून आत वळली होती, जखम भरून आल्यावर वळते तशी.

लवूनं तिथं हात ठेवला. हाताखाली फक्त साल लागली. वर्षांमागून वर्षं गेली, झाडानं खिळा गिळला होता.

"कुठली झाडं?" त्यानं गाडीवानाला विचारलं.

"कातळवाडीची. काशीरामानं दिली."

काशीराम लवूचा चुलतभाऊ, उतार त्याच्या वाटणीचा. त्याला खिळा ठाऊक होता. पण विकायला काढलेल्या झाडात काय आहे ते कोण कुणाला सांगतो? तोडणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, शिवा संगमेश्वराकडचा, त्यालाही नव्हतं. साऱ्या वखारीत ही गोष्ट एकट्या लवूला ठाऊक होती.

"हा उद्या घ्यायचा," नाना ओंडक्यावर थाप मारत म्हणाले. "ओवरसियर स्वतः येतो आहे बघायला. आप्पालाही बोलावलंय. येऊन बघ म्हणावं, माझं इंजिन भात कांडायला जन्माला आलेलं नाही."

नानांना सांगायला लवूनं तोंड उघडलं आणि मिटलं. ओंडक्यात खिळा आहे म्हटलं, तर नाना म्हणणार, मग बघतोस काय, पटाशी लावून काढ उपटून. करवतीच्या मालकानं दुसरं काय म्हणावं? आणि खिळा उपटला की घाड्याच्या हिशेबानं बाबू सुटला. मग चिमा पुन्हा उतारावर जाणार, हाका मारणार, आणि या खेपेला झाडही नसणार.

घरी आला तेव्हा चिमा अंगणात बसून वाळत घातलेलं सुकट निवडत होती. लवूनं कोट खिळ्याला लावला, पाय धुतले आणि पडवीत बसला.

"काशीरामानं उताराची झाडं तोडली," तो म्हणाला.

"व्हय," चिमा म्हणाली. "आयकत हुते मी कुऱ्हाडी."

"सगळी तोडली?"

"सगळी."

पुढे ती काही बोलेल म्हणून तो थांबला. तिनं सुकटातला एक खडा काढून लांब टाकला. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, आणि तो तसा आहे याचीच लवूला भीती वाटली. आतून ही फाटून गेली असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. लाकूड आपल्याच वखारीत आलं आहे हे तिला सांगावं की सांगू नये, याचा त्याला उलगडा होईना. सांगितलं नाही, तर निदान तिला ते झाड कुठंतरी लांब, आहे तसं पडलं असेल असं वाटेल. तेवढा तरी आडोसा असू दे, असं त्यानं ठरवलं.

"भात वाढू?" तिनं विचारलं.

"वाढ."

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी वखारीत गेला. करवतीसमोर चढवून ठेवलेल्या किंजळीभोवती त्यानं दोन फेऱ्या मारल्या. खिळा किती खोल आहे ते वरून कळायला मार्ग नव्हता. झाडानं त्याच्यावर साल चढवली, लाकूड चढवलं, तो आता गाभ्याशी असेल नाहीतर कडेला असेल. ओंडका फिरवून दुसऱ्या बाजूनं फळ्या काढत आलं आणि खिळा जवळ आला की थांबलं, तर तेवढा तुकडा वाचेल. पण खिळा जवळ आला हे सांगणार कोण? जुनं इंजिन असतं तर सांगितलं असतं. ते लाकडात काही कठीण आलं की दबत होतं, कण्हत होतं, माणसाला हात मागे घ्यायला सवड देत होतं. आताच्या इंजिनाला गाठही कळत नव्हती. करवत खिळ्यातून आरपार जाईल, आणि गेली हे आपल्याला दोन तुकडे झाल्यावर कळेल.

त्यानं पट्टा उतरवला. खैराची लहान पुली काढून कोपऱ्यात ठेवली आणि जुनी मोठी पुली चढवली. डब्यातली ढिली स्प्रिंग शोधून काढली आणि ती वेगाच्या गोळ्यांना लावली. इतक्या दिवसांची मेहनत आपल्याच हातानं परत काढताना त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण हात सरावानं चालत राहिले आणि रडू काही आलं नाही. त्यात त्याला पुढचं सगळं स्वच्छ दिसत होतं. हे इंजिन आज सगळ्यांच्या देखत दबणार, आप्पा त्याला घेऊन जाणार आणि आपण मुंबईच्या बोटीवर चढणार. एका बाजूला चिमाजवळ राहणं होतं आणि दुसऱ्या बाजूला चिमाला बरं ठेवणं. दोन्ही मिळणार नव्हतं.

ऊन चढलं तसे सगळे जमले. नाना कोशा पागोटं घालून आले होते. ओवरसियर खुर्चीत बसला. पावसचा आप्पा, पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस, इंजिनाभोवती फिरून त्याच्या चाकांवर हात फिरवत राहिला, बैलबाजारात आल्यासारखा. लवूनं डोकं तापवलं, चाकाला झोका दिला. इंजिन चालू झालं.

शिवानं आवाज ऐकून भुवया उंचावल्या. लवूनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

पहिली फळी निघायला फार वेळ लागला. दुसरीच्या निम्म्यात इंजिन कण्हलं. लवूनं झटकन ओंडका मागे घेतला, करवतीला श्वास घेऊ दिला आणि पुन्हा पुढे सारला. ती फळी निघाली तेव्हा तिच्या अंगावर फिकट काळी रेघ दिसली. तिसऱ्या फळीवर रेघेचा पट्टा झाला होता.

"लोकंड हाय ह्याच्यात," शिवा हळूच म्हणाला. "काळा पडलंय बघ लाकूड. थांबव, मी पटाशीनं बगतो."

"ऱ्हाऊ दे."

"अरे, दात जातील."

"ऱ्हाऊ दे म्हटलं ना शिवा."

चौथ्या फळीला इंजिन दबलं. खिळा लागला, असं लवूला वाटलं. त्यानं ओंडका मागे ओढला. पुन्हा पुढे नेला, पुन्हा तेच झालं. पट्टा घसरून किंचाळला, करवत रुतली, इंजिनानं काळा धूर सोडला आणि ते बंद पडलं. त्यानं ते परत चालू केलं. ते परत बंद पडलं. ओवरसियरनं खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि उभा राहिला.

"काल तर सुसाट होतं रे," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर लवूला सोपं गेलं असतं. "काल मी स्वतः पाहिलं."

"आज नाय ओढीत नाना."

"का पण? काय झालं त्याला?"

नाना इंजिनाजवळ आले, पुलीकडे बघत उभे राहिले. त्यांना पुलीतला फरक कळला की नाही, कोण जाणे. निदान त्यांनी तसं दाखवलं नाही.

"मी तुझ्यावर विसंबलो होतो, लवू," ते म्हणाले आणि ओवरसियरच्या मागोमाग फाटकाकडे गेले.

"भात कांडायला येवडं पुष्कळ झालं," आप्पा प्रेमानं इंजिनावर थोपटत म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. फाटकाशीच त्यानं नानांच्या हातावर विसाराचे पैसे ठेवले.

दुपारी शिवानं आणि लवूनं हातकरवतीनं तो काळा डाग पडलेला तुकडा ओंडक्यातून वेगळा कापला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ जागा सोडून कापला. काम झाल्यावर, करवत पुसता पुसता शिवा म्हणाला, "तुजा कुनी हाय काय रे ह्याच्यात?" लवूनं होकारार्थी मान हलवली. शिवानं चंची काढून त्याच्यापुढे धरली आणि दोघं पान खात बसले. उद्यापासून या जागेवर शिवाचीच माणसं असणार होती, पण त्याला त्याचं सुख वाटलेलं दिसलं नाही.

नानांनी तुकडा न्यायला नाही म्हटलं नाही. "जळणाला ने," एवढंच म्हणाले.

लवूनं कोट काढून खांद्यावर घडी करून टाकला, त्यावर तुकडा ठेवला आणि चढ चढून घरी आला. किंजळ जड असते. माथ्यावरच्या सड्यावर पोचेपर्यंत त्याचा खांदा बधिर झाला होता. ऊन उतरलं होतं. चिमा केरसुणी घेऊन अंगणात उभी होती. त्यानं तुकडा तुळशीजवळ अलगद उतरवला. निजलेल्या पोराला ठेवावं तसा ठेवला, आणि मग स्वतःच ओशाळला.

"काय हाय?" चिमानं विचारलं.

"उतारावरची किंजळ." त्याला दम लागला होता. "आपल्याच वखारीत आली. मी... कुनाला हात लावू दिला नाय. खिळा हाय तसा आत हाय. तू भिऊ नको. घराच्या मागं पुरून ठेवू, नायतर तू म्हनशील तिथं."

चिमानं केरसुणी भिंतीला टेकवली. ती तुकड्याजवळ येऊन बसली आणि सालीच्या त्या दुमडलेल्या जागेवरून तिनं अंगठा फिरवला. ती जागा तिला शोधावी लागली नाही.

"इंजिन?" तिनं विचारलं.

"गेलं. आप्पा नेतोय."

"ह्याच्यासाटनं?"

ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.

"ह्यात काय नाय," ती म्हणाली.

"आत गेलाय तो. झाडानं..."

"नाय वो. मी काढला तो. तुमची आये गेली त्याच वर्साला." तिचा आवाज रोजचाच होता, सुकट निवडतानाचा. "विळ्यानं साल कापली, काशीरामाची पहार आणली नि उचकटला. म्हटलं, आता अडवनारं कुनी नाय, येऊ दे त्याला. मग दार उगडं ठेवत हुते सांजचं. पेज काढून ठेवत हुते वाटीत."

लवूनं दाराकडे पाहिलं.

"आला नाय," चिमा म्हणाली. "दातखिळी बी नाय आली. कायच आलं नाय."

"मग माला कंदी सांगितलं नायस?"

"काय सांगू? तुमाला वाटत हुतं, तो तिथं हाय. वाटू दे म्हटलं."

तो पडवीच्या कडेवर बसला. रागावावं असं काही त्याला सापडेना. ती खोटं बोलली नव्हती, तोही बोलला नव्हता. दोघांनी एकमेकांना जपलं होतं, आणि जपण्यासारखं तिथं काही नव्हतं. सालीतली ती जखम नुसती भरून आलेली जखम होती, आणि लाकडातला काळा डाग मागे राहिलेला गंज. प्रत्येक खेपेला इंजिन दबलं तेव्हा त्याला खिळा लागल्यासारखं वाटलं होतं, आणि ते नुसतं दबलेलं इंजिन होतं.

"खिळा?" त्यानं शेवटी विचारलं. "खिळ्याचं काय केलंस?"

चिमा उठली. तिनं हात झटकले, त्याच्याजवळ आली आणि त्याच्या खांद्यावरचा कोट काढून घेतला. त्यावर किंजळीचा भुसा लागला होता, तो तिनं अंगणाच्या कडेला जाऊन नीट झाडला. मग तिनं कोट नेऊन दाराजवळच्या खांबावर, रोजच्या जागी, अडकवला. खिळ्याचं चौकोनी डोकं कॉलरखाली दिसेनासं झालं.

"बोट कंदी हाय?" तिनं विचारलं.